मामाकडून नो ड्यूज मिळत नाही

बँकेत शैक्षणिक कर्जाचं टेबल सांभाळलं, आता निवृत्तीनंतर पुण्यात त्याच विषयात सल्ला देतो. जून-जुलैत परदेशी निघालेल्या मुलांचे पालक येतात. हल्ली त्यातले काहीजण बँकेचं नाव काढण्याआधी फोनच पुढे करतात. "सर, फॅमिली ग्रुपवर टाकायचा मेसेज लिहिलाय. बघा जरा." खाली क्राउडफंडिंगची लिंक. व्याज नको, तारण नको, आपलीच तर माणसं आहेत! मला कर्जापेक्षा त्या मेसेजची धास्ती वाटते.

साताऱ्याकडच्या एका मुलीचं सांगतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, ट्यूशन फी नाही. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. युरो शंभराचा धरला तरी बारा लाख. नातेवाईक आणि वडिलांच्या मित्रांनी मिळून ते उभे केले. लिंकवर प्रत्येकाचं नाव आणि रक्कम दिसत होती. मामांचे दोन लाख सगळ्यात वर, एका काकूंचे पाचशे एक सगळ्यात खाली. काकूंनी ते कुठून काढले हे कुणी विचारलं नाही. आकडा मात्र सगळ्यांनी वाचला. एक चुलतभाऊ काही न देता ग्रुपमधून बाहेर पडला. त्याच्याच मुलाची हॉस्टेलची फी तेव्हा थकली होती. आता तो कुठल्या तोंडाने मागणार?

डिसेंबरात मुलीने ख्रिसमसच्या बाजारातला फोटो स्टेटसला ठेवला. फोन तिला नाही, आईला आला. "अभ्यासालाच गेलीय ना?" त्यानंतर तिने निम्म्या नातेवाइकांपासून स्टेटस लपवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मामांनी स्थळ आणलं. स्थळ वाईट नव्हतं, पण नको म्हणायची सोय आईवडिलांना उरली नव्हती. मुलींच्या बाबतीत ही वसुली बहुधा लग्नाच्या वेळीच निघते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. बँकेचा शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज सर्टिफिकेट हातात पडतं आणि मॅनेजर तुमच्या घरातल्या लग्नकार्यात नाक खुपसत नाही.

म्हणून मदत घेऊच नये असं नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार. १९२० साली पुन्हा लंडनला निघताना नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये दिले, ते उसने म्हणून. दोन्ही व्यवहारांत देणारा एक, घेणारा एक, आणि काय ठरलंय ते दोघांना ठाऊक. फॅमिली ग्रुपवर देणारे वीस-पंचवीस आणि प्रत्येकाच्या मनातला करार वेगळा.

शिवाय आयकर खात्याची नात्याची व्याख्या आपल्यासारखी नाही. मामा, काका, आत्या, मावशीने मुलाला दिलेली भेट करमुक्त. मामेभाऊ, चुलतभाऊ आणि मित्र मात्र त्यात बसत नाहीत. अशांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर भेट आली, तर सगळीच रक्कम करपात्र. उसने म्हणाल, तर २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत.

मी पालकांना आधी बँकेत पाठवतो. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे खर्चातला आपला वाटा, नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण नाही. परदेशी शिक्षणाला चार लाखांच्या वर पंधरा टक्के मार्जिन आपल्याला घालावं लागतं. म्हणजे वीस लाखांच्या खर्चात तीन लाख. नातेवाइकांकडे मागायचंच तर एवढंच मागा. तेही ग्रुपवर नको. दोघा-तिघांच्या घरी जाऊन, समोर बसून.

आणि कागद करा. इथे पालक चमकतात. "मामाकडून लिहून घ्यायचं?" घ्यायचं नाही हो, मामाला लिहून द्यायचं. किती घेतले, भेट की उसने, उसने असतील तर नोकरी लागल्यावर किती महिन्यांनी परत, कसे. शेवटी एक ओळ: अभ्यासक्रम अर्धवट सुटला तर काय. ही ओळ लिहायला कुणाचा हात धजत नाही, अपशकुन वाटतो. मग पेन मागून घेतो आणि ती मी लिहितो.