मोरजीचा काळोख

गेल्या फेब्रुवारीत चार दिवसांची सवड काढून मी गोव्यास जाऊन आलो. वसईहून रात्रीच्या आगगाडीने निघालो, तो सकाळी थिवीस उतरलो. सेमिनरीतील एक जुने सहाध्यायी स्थानकावर न्यावयास आले होते. "जुन्या गोव्यातील चर्च तू कितीदा तरी पाहिली असशील, यंदा डिचोली नि पेडणे पाहा," असे त्यांनी पत्रातच बजावले होते. हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे येथे ख्रिस्ती वस्ती विरळ. मराठीचा मान मात्र मोठा आहे.

थिवीहून अस्नोड्यामार्गे आम्ही प्रथम डिचोलीच्या बाजूस वळलो. शिरगावजवळ लोखंडाच्या खाणीचा खड्डा पाहिला. एखादा डोंगर उपटून उलटा जमिनीत खोचावा आणि मग काढून घ्यावा, म्हणजे जी पोकळी उरेल, तसा तो दिसतो. वास्तविक त्या डोंगराच्या पोटात नुसते लोखंड नव्हते. तेथील भुकटीसारखे खनिज पावसाचे पाणी शोषून धरीत असे आणि तेच पाणी वर्षभर गावच्या विहिरींना व झऱ्यांना पुरत असे. खाण खोल जाऊन त्या पाण्याखाली पोहोचली. मग पंप लावून पाणी उपसणे आले, आणि गावच्या विहिरी आटल्या. गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील सगळ्याच खाणी थांबविल्या. काही काळाने त्या सुरू झाल्या, त्या 2018 साली पुन्हा बंद पडल्या. आणि 2022 साली नव्याने लिलाव झाले, तेव्हा पहिल्या गटांतच डिचोली व शिरगाव-मये ही नावे होती.

वसईच्या वाचकांस विहिरीचे दुःख मी काय सांगावे? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती पाण्यासाठी आणि वाड्यांसाठीच. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खाणी बंद झाल्या, तेव्हा ज्यांचे ट्रक दारात गंजत उभे राहिले, त्यांच्या घरीही चूल पेटावयाची होतीच. माझे मित्र अशा घरांतून जात-येत असतात. ते या प्रश्नावर चढ्या आवाजात बोलत नाहीत.

शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या सख्ख्या बहिणी, असे गोव्यातील हिंदू व ख्रिस्ती दोघेही मानतात. एका बहिणीचा गाव सोडून आम्ही दुसरीच्या गावी दुपारी जेवलो. मग शिवोलीवरून चोपड्याचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलो. याच तालुक्यातील मोपाच्या सड्यावर 2022 च्या डिसेंबरात नवा विमानतळ झाला आहे, आणि त्याची वर्दळ आता किनाऱ्यापर्यंत जाणवते. पण आम्हांस जावयाचे होते मोरजीला.

शापोरा नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे मोरजीची वाळू आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रात्रीच्या वेळी या वाळूवर चढतात आणि खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात. सुमारे पन्नास दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर राहतात. नर व्हावा की मादी, हेदेखील त्या उबेवर ठरते. पिल्ले बहुधा रात्रीच बाहेर पडतात आणि जिकडे उजेड अधिक तिकडे धावतात. दिवे नव्हते, त्या काळी अधिक उजेड समुद्राकडेच असे. आता तो हॉटेलांकडे असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवास सर्वोच्च संरक्षण दिले आहे, आणि किनाऱ्यासंबंधीच्या 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या चार किनाऱ्यांची नावे घालून ते कासवांसाठी राखले आहेत. अंडी सापडली, की वनखात्याची माणसे भोवती जाळीचे कुंपण करतात. कुंपणाने कुत्री अडतात, उजेड अडत नाही.

रात्री एकच्या सुमारास वनखात्याच्या एका रखवालदाराबरोबर आम्ही सुरूच्या झाडांखाली बसलो होतो. बराच वेळ काही दिसले नाही. मग पायांजवळ काही खसखसल्यासारखे वाटले, म्हणून मी खिशातील विजेरी लावली. "दिवा नको, फादर!" रखवालदार दबक्या आवाजात ओरडला. तोपर्यंत व्हावयाचे ते होऊन गेले होते. वीस पावलांवर एक मादी अर्धी वाळू चढून आली होती. ती थांबली, जड अंगाने वळली, आणि आली तशी पाण्यात निघून गेली.

आम्ही धर्मगुरू दिव्याचे फार गुणगान करतो. नाताळात आणि ईस्टरच्या जागरणात आमची सारी प्रवचने उजेडावर असतात. पण उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वराने अंधार नाहीसा केला नाही. त्यास उजेडापासून वेगळे करून रात्र असे नाव दिले व आपल्या जागी ठेविले, हे त्या रात्री प्रथमच माझ्या ध्यानी आले. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे 2015 चे परिपत्रक मी धर्मग्रामात तीन रविवार समजावून सांगितले होते. पृथ्वी हे आपले सर्वांचे सामायिक घर, हे मी किती ठासून सांगितले होते! आणि विजेरी माझ्याच हातात होती.

सकाळी ज्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या यजमानांस मी हे सांगितले. त्यांच्या अंगणातील मोठा दिवाही किनाऱ्याकडेच तोंड करून होता. ते क्षणभर गप्प राहिले.

"फादर, मासळी पूर्वीसारखी मिळत नाही. दोन खोल्या भाड्याने देतो, त्यावर मुलीचे कॉलेज चालते. मी एकट्याने दिवा मालवला, तर गिऱ्हाईक शेजारच्या शॅकमध्ये जाते. सगळ्यांनी एकदम मालवले, तर माझी काही तक्रार नाही."

मजजवळ उत्तर नव्हते. माझे मित्र एवढेच म्हणाले, की हा विषय किनाऱ्यावरच्या सर्व घरांनी एकत्र बसून बोलावा. बोलावणे करावयास मी येईन. यजमानांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

मी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. वाळूत वर चढत गेलेली आणि मग वळून पाण्याकडे परतलेली रुंद खूण अजून स्पष्ट होती. रखवालदार म्हणाला, "अंडी पोटात आहेत, फादर. कुठेतरी घालावीच लागतील. आज रात्री येईल कदाचित."

माझी गाडी संध्याकाळची होती. सामान घेण्यास घरी आलो, तो यजमान शिडीवर चढले होते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याच्या समुद्राकडील बाजूस ते तारेने बांधीत होते. अंगणात उजेड राहावा आणि वाळूवर पडू नये, असा त्यांचा बेत दिसला.

"एक रात्र करून बघतो," ते वरूनच म्हणाले, आणि खाली उभ्या असलेल्या मुलीकडून त्यांनी पक्कड मागून घेतली.