झोप परत येताना

४ जुलै २०२४, गुरुवार

आयसीयूतून बोलावणं आलं. ७ नंबरच्या बेडवर बावीस वर्षांचा मुलगा, चार दिवसांपूर्वी दुचाकीवरून पडलेला. मेंदूची सूज वाढत होती म्हणून उजवीकडचं कवटीचं हाड काढून ठेवलंय. बँडेजवर मार्करनं लिहिलंय, ‘इथे हाड नाही’. त्याला रात्रभराचं ईईजी लावायचं होतं.

टेप काढली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप, मग या कानापासून त्या कानापर्यंत. त्या मापाचे दहा-दहा, वीस-वीस टक्के पाडत खुणा करायच्या. हर्बर्ट जॅस्परनं १९५८ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. उजवीकडं टाके होते, म्हणून तिथल्या दोन खुणा थोड्या सरकवल्या आणि डावीकडच्याही तेवढ्याच सरकवल्या. दोन बाजूंची तुलना करायची तर अंतरं सारखी हवीत.

बाहेर आल्यावर त्याच्या आईनं हात धरला. सासवडकडच्या आहेत. “पालखी गावात येऊन गेली ताई, आन् मी हितंच. एवढा गाढ झोपलाय, कधी उठंल?”

“काकू, ही झोप नाही,” एवढंच बोलले. त्यांचा चेहरा उतरला. बेशुद्धीला आपण सगळेच झोप म्हणतो, कारण त्या शब्दात उठण्याची खात्री असते.

६ जुलै, शनिवार

आज माणसाच्या ईईजीला शंभर वर्षं झाली. ६ जुलै १९२४ रोजी जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतले विद्युत्प्रवाह पहिल्यांदा टिपले. पेशंट सतरा वर्षांचा मुलगा, मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटी उघडलेला. बर्गर यांनी ते लगेच छापलं नाही. पाच वर्षं पडताळत राहिले, १९२९ साली लेख लिहिला.

आज हे आठवलं ते ७ नंबरच्या रेकॉर्डिंगमुळे. उजवीकडच्या लाटा डावीकडच्यापेक्षा उंच आणि टोकदार दिसतात. नवख्याला वाटेल, तिथं झटक्याचं काही आहे. तसं नाही. कवटीचं हाड या लाटा दाबून धरतं. ते नसलं की त्याच लाटा मोठ्या होऊन येतात. मुळात त्या मोजायच्या असतात व्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्शात. बर्गर यांनाही पहिली वाट अशाच हाड नसलेल्या जागेनं सापडली.

९ जुलै, मंगळवार

गुंगीची औषधं परवा बंद केली. ती चालू असताना पडद्यावर दिसणारं किती मेंदूचं आणि किती औषधाचं, हे वेगळं काढणं अवघड असतं.

आज प्रतिसाद पाहायचा होता. एअर बेडची मोटर दोन मिनिटं बंद करायला लावली, तिची थरथर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. टाळी वाजवली, लाटा तशाच. डॉक्टरांनी नावानं हाक मारली, थोडासा बदल, पण खात्री नाही. मग सर म्हणाले, “आईंना आत घ्या.”

काकू कानाशी वाकल्या. “सोन्या, ए सोन्या.” मी वेळेची खूण केली. मोठ्या संथ लाटा चार-पाच सेकंद खाली बसल्या, रेषा सपाट आणि बारीक झाली, मग परत पूर्ववत. काकूंनी तीनदा हाक मारली, तिन्ही वेळा तसंच.

“त्यानं ऐकलं?” काकूंनी विचारलं.

“आवाज पोचला,” सर म्हणाले. “ओळखला का, ते यावरून सांगता येत नाही.”

सरांचं हे मला नेहमी पटतं. जेवढं दिसतं तेवढंच सांगतात.

११ जुलै, गुरुवार

४ नंबरचे काका. हृदय बराच वेळ बंद पडलेलं. हाक मारली, चिमटा घेतला, लाटांमध्ये काहीच हललं नाही. त्यांचा भाऊ पडद्याकडं पाहत होता. वायरी काढताना मी पेस्ट कोमट पाण्यानं नीट पुसून काढली, केस विंचरले. यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं.

घरी येऊन वाचत बसले. १९३५च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजरांवर प्रयोग केले. मेंदूच्या देठाला वरच्या बाजूला छेद दिला, तर मेंदू कायम झोपेच्याच लाटा दाखवत राहिला. छेद खाली, पाठीच्या कण्याच्या तोंडाशी दिला, तर झोप आणि जाग आळीपाळीनं येत राहिली. म्हणजे जागं ठेवणारं काहीतरी या दोन छेदांच्या मध्ये होतं. १९४९ साली मोरुझ्झी आणि मगून यांनी देठातल्या चेतापेशींच्या जाळ्याला बारीक विद्युत्प्रवाह दिला आणि संथ लाटांच्या जागी जागेपणाच्या जलद लाटा आल्या.

मग ७ नंबरचा मुलगा आठवला. दुचाकीच्या अपघातात डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदूतले लांब तंतू ताणले जातात. कुठले तुटले, कुठले नुसते दुखावले, हे स्कॅनमध्ये पूर्ण दिसत नाही.

१४ जुलै, रविवार

सिस्टरना विनंती केली होती: अकरा ते चार ७ नंबरवरचा दिवा बंद ठेवा, कूस बदलणं आणि सक्शन एकाच वेळी उरका, अलार्मचा आवाज कमी करा. इतकं काम असूनही त्यांनी सगळं पाळलं. मावशींनी बादली उचलून नेली, फरफटवली नाही.

पहाटे २ वाजून ४७ मिनिटं. माथ्यावरच्या दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रोडवर जलद लाटांचा एक झुबका उमटला. मोजला: सेकंदाला तेरा, लांबी एक सेकंद. सुरुवातीला बारीक, मध्ये फुगीर, शेवटी पुन्हा निमुळता, सूत भरलेल्या चातीसारखा. म्हणूनच त्याला स्पिंडल म्हणतात. हात थांबला. औषध बंद होऊन सात दिवस झालेत, म्हणजे हे औषधाचं नाही. पुढच्या अर्ध्या तासात एकोणीस मोजले.

मेंदूच्या आत खोल थॅलॅमस असतो. तो आणि वरचा मेंदू यांच्यात देवघेव चालू असेल तरच हे झुबके उठतात. खरी झोप येते तेव्हा.

बाहेर काकू चटईवर बसूनच होत्या. राहवलं नाही. “काकू, आज तो झोपला.”

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

सरांनी बाजूला घेऊन समजावलं. रिपोर्टचं सांगणं माझं काम नाही; शिवाय ब्रेमर यांच्या मांजरांतही छेद दिल्यावर स्पिंडल दिसतच होते. थॅलॅमसची देवघेव शाबूत असणं वेगळं आणि जाग येणं वेगळं. बरोबर आहे. चूक मान्य केली आणि काकूंनाही जाऊन सांगितलं की हे चांगलं चिन्ह आहे, पण वचन नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आज देव झोपतो ताई. तो कार्तिकीला उठतो, तवर वाट बघतोच की आम्ही.”

२९ जुलै, सोमवार

आठवड्यापासून डोळे उघडतोय. पण उघडे डोळे म्हणजे भान नव्हे. ते नजरेवरून ठरतं. आज सरांनी आरसा मागितला. काकूंनी पिशवीतून कुंकवाच्या करंड्याचा आरसा काढला. रुपयाएवढा. सरांनी तो त्याच्या डोळ्यांसमोर धरून हळूच डावीकडं नेला. नजर मागोमाग गेली. उजवीकडं नेला, तिकडंही गेली.

बेडभोवती कोणी काही बोललं नाही.

१८ मार्च २०२५, मंगळवार

या महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांचा अभ्यास आला. मेंदूला इजा झालेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या २२६ रुग्णांची ईईजी त्यांनी तपासली. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ठसठशीत स्पिंडल होते आणि अशा रुग्णांत पुढे भान परतण्याची शक्यता जास्त दिसली. ज्यांच्यात नव्हते, त्यांतलेही काही जण सावरले. ४ नंबरच्या काकांचा भाऊ आठवला. आशा कुणाला किती द्यायची, हे आकडा सांगत नाही.

आज तोच मुलगा ओपीडीत आला. काठी घेऊन चालतो, शब्द अडखळतात, दिवसा फार झोप येते. हाड परत बसवलंय. गेल्या महिन्यात एक झटका आला म्हणून झोपेतलं ईईजी हवं होतं. सूचना नेहमीच्या: डोकं धुऊन या, तेल लावू नका, रात्री जागून या.

काकूंनी त्याला पहाटेपर्यंत जागं ठेवलं. गोष्टी सांगितल्या, पत्ते खेळल्या, डोळा लागला की हलवलं. सांगताना त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते.

वायरी लावल्या, दिवा मालवला. पाच मिनिटांत त्याचा श्वास संथ झाला आणि माथ्यावर ते झुबके उठले, दोन्ही बाजूंना आता जवळजवळ सारखे. वीस मिनिटांनी काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, “झालं का? उठवू?”

रेकॉर्डिंग पुरेसं झालं होतं. पुढचा नंबर यायला अजून वेळ होता.

“नको काकू. झोपू दे.”