पढविलेली साक्ष

आवडत्या नटाविषयी नापसंतीचा शब्द लिहिणे म्हणजे घरातील वडीलधाऱ्या माणसाविरुद्ध वकीलपत्र घेण्यासारखे आहे. त्यातून अशोककुमार तर आम्हां इंदूरकरांना शेजारचे. त्यांचे वडील खंडव्यास वकिली करीत आणि ते स्वतः कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून बॉम्बे टॉकीजमध्ये गेले. आमच्या पलासियातील वकीलमंडळींना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो तो यामुळेही. 'किस्मत' (1943) आणि 'महल' (1949) यांतील त्यांच्या सहज अभिनयाचे आम्ही चाहते आहोत. तथापि बी. आर. चोप्रा यांच्या 'कानून' (1960) मधील त्यांच्या न्यायाधीशाने आमची निराशा केली, हे नमूद करणे भाग आहे.

चित्रपट थोर, यात शंका नाही. एकही गाणे न घालता काढलेला हा रहस्यपट फाशीच्या शिक्षेलाच आव्हान देतो. कैलास हा तरुण वकील न्यायाधीश बद्रीप्रसादांना एका सावकाराचा खून करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. आणि त्याच न्यायाधीशांपुढे कालिया नावाचा भुरटा चोर आरोपी म्हणून उभा राहतो. शेवटी उलगडते ते असे, की खुनी हा त्याच चेहऱ्याचा दुसराच मनुष्य होता. न्यायाधीश निर्दोष होते.

रहस्य कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहावा. देवळाच्या सभामंडपात सीतास्वयंवराचे आख्यान लागते, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे लहान मुलासही ठाऊक असते. तरी कोणी उठून जात नाही. खरी कसोटी दुसऱ्या श्रवणाची. तिला हे न्यायाधीश उतरत नाहीत. ज्याने काही केलेच नाही, त्याच्या मुद्रेवर ती गूढ, दडपलेली छाया कशासाठी? बद्रीप्रसादांना लपविण्याजोगे काही नव्हते. लपवायचे होते ते दिग्दर्शकाला. नटाने ते ओझे मुकाट्याने उचलले, आणि आमच्यासारख्यास त्यात पढविलेल्या साक्षीदाराची साक्ष ऐकू येऊ लागली. पुढे 'ज्वेल थीफ' (1967) मध्येही अशोककुमार अखेरपर्यंत बरेच काही दडवितात; परंतु तेथे दडविलेले पाप त्या पात्राचे स्वतःचे असते, म्हणून दुसऱ्या खेपेस तो अभिनय अधिकच रंगतो.

याउलट नाना पळशीकरांचा कालिया पाहावा. या भूमिकेस फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. उपासमारीने खंगलेला हा चोर प्रेक्षकांपासून काही लपवीत नाही; त्यामुळे त्याच्या गळ्याजवळ आलेला फास आपल्याच गळ्याशी आल्यासारखा वाटतो. डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे ठरू शकते, मग त्यावर एखाद्याचा प्राण कसा घ्यावा, हा चित्रपटाचा युक्तिवाद. तो न्यायासनावरून जितका पटायला हवा होता तितका पटत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातून मात्र पुरता पटतो.

फाशी आजही आपल्या कायद्यात आहे. म्हणून हा प्रश्न शिळा झालेला नाही. वाचकांनी 'कानून' अवश्य पाहावा, शक्य तर दोनदा. आणि दुसऱ्या वेळी दृष्टी कालियावर ठेवावी.