स्फटिकातील पाण्याचा हिशेब

मोलांचे ग्रॅम करणे हे रसायनशास्त्राच्या प्राथमिक गणितांतील सर्वांत निरुपद्रवी काम समजले जाते, आणि मोल व रेणुभार यांचा गुणाकार एवढाच त्याचा व्याप असल्यामुळे ते तसे आहेही; परंतु विद्यार्थ्यांकडून द्रावणे करवून घेण्यात ज्याची हयात गेली, त्याला मोरचुदाची बाटली पुढे आली की हा निरुपद्रवीपणा किती फसवा आहे ते पुरते ठाऊक असते.

मोरचुदाच्या सूत्रात कॉपर सल्फेटापुढे एक टिंब असते व त्यापुढे पाण्याचे पाच रेणू. गणिताच्या तासातून आलेल्या मुलाला हे टिंब गुणाकाराचे चिन्ह वाटते, आणि १५९.६ ला ९० ने गुणून तो चौदा हजारांच्या पलीकडे पोहोचतो. असला विद्यार्थी मला परवडतो, कारण तो अवाढव्य आकडा स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देतो. खरी पंचाईत पाण्याची रक्कम किरकोळ समजून ती वजा टाकणाऱ्याची. ०.१ मोल मोरचूद म्हणजे २४.९७ ग्रॅम, त्याने १५.९६ च तोलले, तरी आकडा सभ्य दिसतो, द्रावण निळेच होते, आणि पात्रात उतरलेला असतो जेमतेम ०.०६४ मोल. “सर, ते पाणी शेवटी पाण्यातच मिसळणार ना?” हा त्याचा प्रश्न मात्र मुळीच मूर्खपणाचा नाही. मिसळते खरे, पण तराजूवर ते स्फटिकातच असते, आणि शहाळे तोलायचे तर पाण्यासकटच तोलावे लागते.

वाद वाढला तर मी मूस तापवतो. २.५० ग्रॅम निळे स्फटिक पांढरे पडून १.६० ग्रॅम उरतात. पाचवा रेणू, जो तांब्याला नव्हे तर सल्फेटाला बिलगलेला असतो, तो सुमारे २०० अंशांपर्यंत हटत नाही.

धुण्याच्या सोड्यापुढे मात्र सूत्राचा दाखलाही रुजू होत नाही. दहा रेणूंचे पाणी बाळगणारा हा स्फटिक कोरड्या हवेत उघडा राहिला की नऊ रेणू गमावून भुकटी होतो, रेणुभार २८६ वरून १२४ वर येतो, आणि ०.१ मोल म्हणून तोललेल्या २८.६ ग्रॅममध्ये ०.२३ मोल निघतात. चिठ्ठीवर अर्थात जुनेच सूत्र. प्रमाण द्रावणासाठी म्हणून मी निर्जल सोडाच तापवून, शोषकपात्रात निववून घेतो, आणि १०६ ने गुणतो.