तीर्थनमधली बिनपायांची मंडळी

हिमाचलातल्या तीर्थन नदीचं पाणी मे महिन्यातही बोटं बधिर करतं. आज दिवसभर प्रवाहातले दगड उचलून भिंगातून अळ्या पाहत होतो. पहिली तपासणी पायांची. सांध्यांचे सहा पाय दिसले, की ती मेफ्लाय, स्टोनफ्लाय वगैरे मंडळी. माशी-डासांच्या गणातल्या अळीला तसे पाय नसतातच. फार तर मांसल खुंट.

ब्लॅकफ्लायची अळी लगेच कळते. मागचा भाग फुगीर. दगडावर ती रेशमाची गादी घालते, शेपटाकडच्या आकड्यांनी तिला धरते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहते कण गाळून खाते. प्रौढ माशी चावरी, त्यामुळे कौतुकाला जरा मर्यादा! क्रेनफ्लायची अळी जाड आणि लाजरी. डोकं आत ओढून घेते.

पण माझी लाडकी ब्लेफॅरिसेरिडी कुळातली. पोटावर मधोमध एका रांगेत सहा चूषक. धबधब्याखालच्या गुळगुळीत खडकावर, जिथे बाकीचे टिकत नाहीत, तिथे ही सावकाश सरकत शेवाळ खरवडते. तिला गार, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणीच लागतं.

जात ओळखायचा हट्ट मात्र नुसत्या अळीवर भागत नाही. ब्लॅकफ्लायच्या बाबतीत कोषाच्या कल्ल्यांचे तंतूही मोजावे लागतात. पाणी किती स्वच्छ आहे याचा अंदाज घ्यायला बहुतेकदा कुळ पुरतं.

तुम्हीही दगड उचललात, तर तो होता तसाच, होता तिथे परत ठेवा.