आधी पक्कड जाते

जुन्या गाडीच्या हत्यारांची पिशवी पूर्ण सापडत नाही. सापडलीच तर अर्थ दोन: गाडी कधी बंद पडली नाही, किंवा मालकानं कधी हात काळे केले नाहीत. त्या काळच्या गाड्यांच्या बाबतीत पहिलं शक्य नाही. दुसरं असेल तर त्या पिशवीत मला रस नाही.

मी पिशव्या गोळा करतो, गाड्या नाही. गाडीला जागा लागते, पैसा लागतो, घरच्यांची संमती लागते. पिशवी कपाटात मावते. साताऱ्यात ओळखीचे एक मिस्त्री आहेत. ते म्हणतात, ‘गाडीच न्हाई, तर पाने काय लोणच्यात घालताय?’ तरी एखादा जुना पाना भंगारात निघाला की पहिला फोन त्यांचाच येतो.

एक वही केली आहे. डावीकडे पिशवीत काय असायला हवं ते. उजवीकडे ते आता कुठं आहे ते. डावी बाजू गाडीच्या पुस्तिकेवरून एका संध्याकाळी लिहून होते. उजवी बाजू बारा वर्षं लिहितोय.

पिशवी. सांगलीला गावभागात आमचं आजोळ. आजोबांची फियाट ११०० डिलाइट होती, साठच्या दशकातली, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ साली काढली. सांगलीत वालचंदांचं नाव दिवसातून दहादा कानावर पडतं, पण ते इंजिनिअरिंग कॉलेजचं म्हणून. दारातल्या फियाटशी त्याची सांगड कुणी घालत नसे. आजोबा थकल्यावर गाडी विकली. घेणाऱ्यानं स्टेपनी दोनदा दाबून बघितली, पिशवी मागायची विसरला. जाड खाकी कापड, उभे शिवलेले कप्पे, गुंडाळायची आणि नाडीनं बांधायची. उघडली तेव्हा आत चार वस्तू होत्या. पण प्रत्येक रिकाम्या कप्प्यावर गंजाचा तांबूस ठसा होता. कुठला पाना किती लांब, तोंड कुठल्या बाजूला, सगळं त्या ठशावरून कळत होतं. पाने गेले, सावल्या राहिल्या. माझा नाद तिथून लागला.

जाण्याचा एक क्रम असतो. आधी पक्कड जाते. मग स्क्रू ड्रायव्हर. मग दहा-अकराचा पाना, कारण सायकलपासून नळाच्या पट्टीपर्यंत तो कुठंही लागतो. मग प्लग पाना. जॅक बराच काळ टिकतो, जड असतो म्हणून. शेवटी एक अशी वस्तू उरते जिचं काम घरात कुणालाच माहीत नसतं. माझ्या आठ पिशव्यांत अशा आठ वस्तू आहेत, अगदी नव्यासारख्या. जे कामाचं होतं ते कामाला गेलं. संग्रह करणाऱ्याच्या वाट्याला बिनकामाचं येतं, हे पहिल्या वर्षीच कळलं.

पाने. यावर थोडं थांबावं लागेल.

कऱ्हाड-साताऱ्याच्या कुठल्याही जुन्या गॅरेजात पान्यांची दोन घराणी नांदत. फियाट इटलीची, म्हणजे मिलिमीटर. अॅम्बॅसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि जीप अमेरिकेची. दोघींचे नट इंचांत. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, शेर जाऊन किलो आला, मैल जाऊन किलोमीटर आला. बॉनेटखाली मात्र इंच तसाच राहिला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, पण सैल बसतो. जोर लावला की नटाचे कोपरे जातात आणि नट गोल होतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५. त्यावर एकोणीसचा पाना बसतो न बसतो, हातोडीचा एक ठोका मागतो. ही मापं मिस्त्री लोकांनी कुठं वाचलेली नव्हती. नटाकडं बघून हात पान्याकडं जायचा, आणि तोच पाना यायचा.

तिसरं घराणं त्याहून जुनं आणि तऱ्हेवाईक: व्हिटवर्थ. यात पान्यावर लिहिलेला आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. ‘पाव’ लिहिलेला पाना तोंडाला अर्ध्या इंचाहून जास्त भरतो. लढाईच्या आधीच्या मॉरिसमध्ये तर कमाल आहे: नटाचं डोकं व्हिटवर्थ आणि आतले आटे मेट्रिक. कारण मॉरिसची इंजिनं एके काळी हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्यात बनत. यंत्रं फ्रेंच मापाची, गिऱ्हाइकांच्या घरचे पाने इंग्रजी. दोघांची सोय बघितली आणि पुढच्या सगळ्यांची गैरसोय करून ठेवली.

जुन्या इंग्रजी गाड्यांच्या पिशव्या आमच्याकडं इतक्या रिकाम्या का, याचं उत्तर मला बरीच वर्षं सापडत नव्हतं. ते विहिरीवर सापडलं. कृष्णेच्या आणि कोयनेच्या काठानं ऑईल इंजिनं बसली, त्यांतल्या कितीतरी जुन्या इंजिनांचे नट व्हिटवर्थ. कूपरांचा कारखाना सातारा रोडला. नांगरापासून सुरुवात करून तो डिझेल इंजिनांपर्यंत पोचला आणि पुढं वालचंदांच्याच समूहात गेला. (धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, काही महिन्यांपुरते. साताऱ्यात आजही नाव निघतं ते इंजिनाचं.) गाडी उभी राहिली, इंजिन चालू राहिलं. पाने गाडीतून विहिरीवर गेले. कोरेगावच्या बाजूला एका बंद विहिरीच्या भिंतीतल्या कोनाड्यात मला दोन मिळाले. कोनाड्यात उदबत्तीची राखही होती. मालक म्हणाले, ‘न्या, पन एकच न्या.’ का, ते सांगितलं नाही. एकच आणला.

हँडल. पिशवीत मावत नाही, डिकीत आडवं पडलेलं असतं. पुढच्या बंपरमधल्या भोकातून आत घालायचं, दात लागले की वर ओढायचं. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळायचा नाही. इंजिन उलटं झटकलं तर हँडल हातातून सुटलं पाहिजे; अंगठा अडकला तर मोडतो. आजोबांनी हे मला गाडी विकल्यानंतर शिकवलं, म्हणजे माझ्यासाठी त्याचा काही उपयोग नव्हता. तरी आजही कुठलाही दांडा धरताना माझा अंगठा बोटांकडं जातो.

कऱ्हाडजवळच्या एका गोठ्यात हँडल पाहिलं. लांब बाजू जमिनीत ठोकलेली, वाकडी बाजू वर, तिला म्हशीची दावण. बाक असल्यामुळं दावं वर सरकत नाही. याहून चांगला खुंटा मी पाहिलेला नाही. वहीत नोंद: हँडल, मौजे अमुक, म्हशीकडं.

टायर लिव्हर. सांगलीत, गुळाची ढेप फोडायला.

ग्रीस गन. एकही पूर्ण नाही.

फीलर गेज. पॉइंटमधली फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. तो हरवला की मिस्त्री दाढीची ब्लेडं वापरत. एक ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर, चार ब्लेडं एकावर एक ठेवली की काम भागतं. आता पॉइंटवाल्या गाड्या गेल्या, घराघरांतून तसली ब्लेडंही निघाली. दोन्ही एकदमच गेली, त्यामुळं कुणाची अडचण झाली नाही.

जीप. हिच्या हत्यारांची यादी तरी नक्की आहे, कारण ती सैन्याची. अमेरिकन लष्कराचं टीएम ९-८०३ हे १९४४ चं पुस्तक, त्यात सगळं मोजून दिलेलं: हातोडी, पक्कड, स्क्रू पाना, प्लग पाना, ग्रीस गन, हवेचा पंप, जॅक. शिवाय डाव्या अंगाला बाहेरून बांधलेली कुऱ्हाड आणि फावडं. लढाई संपल्यावर आणि पुढं महिंद्रांनी जुळवायला घेतल्यावर जीप आमच्या भागात आली ती गेलीच नाही. तिच्या पुढच्या पिढ्या वडापला लागल्या. नऊ माणसांच्या जागी सतरा बसली की हत्यारांची जागा माणसांच्या पायाखाली जाते. वडापच्या जीपमध्ये मी तीनच वस्तू पाहिल्या: जॅक, व्हील पाना आणि दगड. घाटात चाकामागं लावायचा दगड. तो कुठल्याच यादीत नाही, पण प्रत्येक गाडीत होता, आणि चांगला दगड मिळाला की ड्रायव्हर तो बदलत नसे. पसरणी घाटातला असा एक दगड माझ्याकडं आहे. एक बाजू टायरच्या गोलाईला घासून गुळगुळीत झालेली. बायकोनं त्याचा उपयोग पापडाच्या डब्यावर वजन म्हणून सुरू केला, तेव्हा मी काही बोललो नाही.

प्रिया. ही मोटारगाडी नाही, पण साताऱ्यात बसून तिला वगळणं बरं दिसणार नाही. महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ साली निघाली, कारखाना साताऱ्यात. गावातल्या किती घरांची चूल तिच्यावर पेटली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं, त्यामुळं प्लगवर काजळी धरायची. म्हणून प्रत्येक मालकाला एक काम यायचंच: प्लग काढणं, पॉलिश पेपरनं घासणं, परत बसवणं. ऑफिसला निघालेला माणूस, पांढरा शर्ट, स्कूटर आडवी कलती करून दोनदा हलवलेली, डिकीतून फडक्यात गुंडाळलेला प्लग पाना बाहेर. प्लग पाना म्हणजे नुसती नळी आणि तिच्या भोकातून आडवी घालायची टॉमी. टॉमी आधी हरवते. मग तिच्या जागी स्क्रू ड्रायव्हर घालतात. मग स्क्रू ड्रायव्हर वाकतो. साताऱ्यातले वाकडे स्क्रू ड्रायव्हर मोजले तर स्कूटरी किती होत्या याचा अंदाज यावा.

माझ्याकडं प्रियाची पिशवी एक आहे, टॉमीसकट. ज्यांनी दिली त्यांनी स्कूटर घेतल्यापासून चार महिन्यांत मुंबईची बदली घेतली होती.

परदेशात हा छंद फार नीटनेटका आहे. जॅग्वार मार्क टू मध्ये हत्यारांचा गोल डबा स्टेपनीच्या पोटात बसतो. बीटलसाठी हाझेट या जर्मन कंपनीनं तसाच गोल डबा काढला होता. त्यांच्या पूर्ण संचांना मोठी किंमत येते, म्हणून हुबेहूब नव्या प्रतीही बनतात. पाना नवा, शिक्का जुन्या वळणाचा. मला त्याचं आकर्षण नाही. माझा नियम साधा: ज्या पिशवीतून गेला तोच पाना परत आला तर कप्पा भरायचा, नाहीतर कप्पा रिकामा. हा नियम पाळून आजवर दोन कप्पे भरले.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागात पाणी यायच्या आदल्या रात्री मामानं माळ्यावरून फियाटचा जॅक काढला, फ्रीज त्यावर उचलला आणि खाली विटा सारल्या. मग कपाट. मग शिलाई मशीन. शेजारचेही दोघे जॅक मागून घेऊन गेले. पंचवीसएक वर्षांत गाडीखाली न गेलेल्या जॅकनं त्या रात्री तीन घरं उचलली म्हणायची. पाणी विटांच्याही वर चढलं ते वेगळं.

पिशवी तेव्हा तिथंच होती, मी न्यायची राहिली होती. आठ दिवसांनी चिखलातून निघाली. कापड शिवणीतून सुटलं, ठसे धुऊन गेले. चार वस्तू रॉकेलमध्ये बुडवून ठेवायच्या होत्या तर रॉकेल कुठं मिळेना. रेशनवरचा तो निळा ड्रम, नरसाळं आणि माप. वहीत त्यालाही एक पान द्यायला हवं. शेवटी डिझेलमध्ये बुडवल्या.

जॅक शेजाऱ्यांकडून परत आला नाही. मागितला नाही. नदीचं पाणी वाढल्याचा निरोप आला की तो त्यांच्याच हाताशी असलेला बरा.

फियाटची पक्कड मात्र मला परवा दिसली. मामीच्या ओट्यावर. दुधाचं पातेलं तिनं त्याच पकडीनं उतरवलं, चहा गाळला आणि पक्कड खिडकीतल्या खिळ्याला अडकवली. हाताची पकड चाळीसएक वर्षं घासून चकचकीत झालेली, जबड्याच्या दातांत दुधाची खरपुडी. मी विचारलं ही कुठली. म्हणाली, ‘ही ना? सासूबाईंची. मी आले तेव्हापासून इथंच आहे.’

म्हणजे आजीनं ती गाडी असतानाच काढून घेतली होती. आजोबा घाटात पक्कड शोधत असतील तेव्हा ती घरात भाकरीचा तवा धरत होती.

मामीनं ती फडक्यानं पुसून पुढं केली. ‘हवी तर ने. पण जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणून ठेव. नुसती सांडशी नको हं, तिच्यात पातेलं फिरतं.’

दुकान बंद होतं. सोमवार होता.