पुढचा फलंदाज

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री लालबागमधल्या आमच्या इमारतीत मध्यरात्र उलटून गेली तरी बहुतेक घरांतले दिवे जळत होते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला, आणि खाली कुणीतरी दिवाळीतली उरलेली फटाक्यांची माळ लावली. मी क्रिकेटची जाणकार नाही. दादर-परळच्या परिसरात लहानाचे मोठे होताना जेवढे क्रिकेट आपोआप कानावर पडते, तेवढेच मला ठाऊक. त्या रात्रीचे माझ्या मनात राहिले ते एकच दृश्य : कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्या पायांशी वाकली ते.

पुढच्या काही दिवसांत जिथे तिथे एकच सूर ऐकू येऊ लागला. ज्याला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही त्याला अखेर न्याय मिळाला, नियतीने भरपाई केली. आमच्या स्टाफरूममध्येही हेच बोलले गेले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ‘भरपाई’ हा शब्द खटकला. तो का खटकला हे स्वतःपाशी स्पष्ट करावे म्हणून हे लिहिते आहे. लिहिता लिहिता एक कबुलीही द्यावी लागणार आहे.

मुझुमदारांची गोष्ट आपल्या भागात नवी नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराकडून खेळताना सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. डाव घोषित झाला तेव्हा फलकावर दोन बाद ७४८ धावा होत्या. त्या सगळ्या वेळात पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा एक मुलगा पॅड बांधून बसून होता. तो मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही.

हा प्रसंग आपण इतक्यांदा सांगतो की पुढे घडलेले सारे जणू त्यातच लिहिलेले होते असे वाटू लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याने अशा सोयीच्या प्रतीकांपासून जरा सावध राहावे. कारण त्या मुलाला पुढे पाळी मिळाली, भरपूर मिळाली. १९९३-९४ च्या मोसमात मुंबईकडून रणजी पदार्पणातच त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातील हा जागतिक विक्रम जवळजवळ पंचवीस वर्षे टिकला. एकूण १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके. काही काळ रणजी करंडकातील सर्वाधिक धावांचा विक्रमही त्यांच्याच नावावर होता. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढे ते आसाम आणि आंध्र या संघांकडूनही खेळले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. मिळाली नाही ती फक्त भारताची टोपी. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी नावे असताना ती मिळणे अवघडच होते. हा अन्याय होता की केवळ काळाचा योग, यावर वाद घालता येईल. पण एका माणसाचे वीस वर्षांचे क्रिकेट ‘न मिळालेले’ या एका शब्दात गुंडाळणे, हाही एक अन्यायच आहे.

याच परंपरेतला दुसरा माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित. तेही रमाकांत आचरेकर सरांचेच शिष्य. त्यांना भारताची टोपी मिळाली, पण पाच कसोटींपुरती. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरील उपांत्य सामन्यात आजारी वेंगसरकरांच्या जागी ते खेळले, २४ धावा करून बाद झाले आणि भारत हरला. कारकिर्दीच्या अखेरीस ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर, त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेशने कर्नाटकावर पहिल्या डावात आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या दिवशी संघ कोसळला. तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच मैदानावर पंडितांच्या प्रशिक्षणाखाली मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पंडितांना रडू आवरले नाही. हरलेला संघ मुंबईचा होता आणि त्याचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. शिवाजी पार्कच्या मातीत घडलेले दोघे प्रशिक्षक त्या दिवशी समोरासमोरच्या तंबूंत होते. एकाच्या पदरात करंडक पडला, दुसऱ्याचे हात रिकामे राहिले.

या दोघांच्याही मागे आचरेकर सर उभे आहेत. मालवणात १९३२ मध्ये जन्मलेल्या या माणसाच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, स्टेट बँकेकडून खेळलेला. पुढे शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबमध्ये त्यांनी घडवलेल्या मुलांची यादी आपल्याला पाठ आहे. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले.

युरोपातल्या फुटबॉलकडे पाहिले तर वेगळे चित्रही दिसते. स्पेनचा पेप ग्वार्दिओला १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या युरोपविजेत्या संघात होता, त्याच वर्षी स्पेनकडून ऑलिंपिक सुवर्णपदकही त्याने जिंकले. २००८ मध्ये तो त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि चार वर्षांत त्याने चौदा करंडक मिळवले. खेळाडू म्हणून मिळवलेले यश हे त्याचे भांडवल होते. आपल्या दादरच्या परंपरेत असे भांडवल घेऊन आलेले प्रशिक्षक थोडे. इथे ज्यांनी शिकवले त्यांच्यापैकी कितीतरी जणांना स्वतःला अपुरेच मिळालेले होते. म्हणून इथे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : ज्याला स्वतःला मिळाले नाही, तो दुसऱ्याला देताना नेमके काय करत असतो?

हा प्रश्न माझाही आहे. एम. ए. करत असताना मी कथा लिहीत असे. दोन छापूनही आल्या. मग नेट-सेट, नोकरी, उत्तरपत्रिका, संसार. लिहिणे कधी थांबले तेही कळले नाही. शिकवणे मला आवडते, आणि आपल्या हातून लिहिले गेले नाही तरी लिहिणारी मुले घडावीत, असे मी बऱ्याच ठिकाणी बोलूनही दाखवले आहे. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका मुलीने मला कथा वाचायला दिली. चाळीचा पुनर्विकास ठरलेला, आणि बिल्डरच्या कागदावरच्या आकड्यांवर विश्वास नसलेली आजी स्वतःची खोली हाताच्या वितीने मोजते आहे. मोजता मोजता आकडा विसरते आणि पुन्हा दारापासून सुरुवात करते. कथा तिथेच संपत होती. मी ती त्याच रात्री वाचली आणि माझ्या लक्षात आले की असे मला कधीच लिहिता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला एवढे सांगायला हवे होते. मी सांगितले की शेवट अपुरा वाटतो, नीट वाचून सविस्तर बोलू. कथा माझ्या कपाटात अडीच महिने राहिली. तिला ती एका दिवाळी अंकाकडे पाठवायची होती, ती मुदत टळून गेली. ती दोनदा विचारायला आली. दोन्ही वेळा मी म्हणाले, “घाई करू नकोस.”

त्या काळात मी स्वतःची समजूत आचरेकर सरांच्याच दाखल्याने घातली होती. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना सचिन म्हणाला होता की सरांनी त्याला एकोणतीस वर्षांत एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही, कारण आपण गाफील होऊ असे त्यांना वाटे. मला हा दाखला फार सोयीचा होता. कौतुक राखून ठेवणे हा चांगल्या गुरूचा गुण आहे, असे मी स्वतःला सांगत राहिले. पण सर शाबासकी देत नसत तरी मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन खेळवत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून त्याला टिकून राहायला शिकवत. शब्द राखून ठेवले तरी डाव त्यांनी अडवला नाही. मी नेमका डावच अडवला होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी गुरूचे मौनच दिसेल.

गेल्या नोव्हेंबरात, विश्वचषकानंतरच्याच आठवड्यात, त्या मुलीचा पहिला कथासंग्रह टपालाने आला. ती कथा त्यात होती, शेवट बदललेला नव्हता. ऋणनिर्देशात माझे नाव होते : लिहिताना घाई करू नये हे शिकवणाऱ्या मॅडम. मी ते वाक्य कितीदा वाचले कोण जाणे. शेवटी फोन केला आणि जे होते ते सांगून टाकले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, तेव्हा छापून आली असती तर आजीने वाचली असती, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.” रागाने म्हणाली नाही. त्यानंतर आम्ही पुस्तकाच्या मुखपृष्ठाविषयी बोललो.

‘भरपाई’ हा शब्द मला खटकला तो यासाठी. त्या आजीचे वाचणे आता कशानेही भरून येणार नाही. मुझुमदारांना न मिळालेली टोपीही विश्वचषकाने मिळालेली नाही. ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाची बाकी दुसऱ्यात ओढणे हाच शिकवणाऱ्याचा सर्वांत मोठा मोह असतो. तो मोह दोन तऱ्हांनी येतो. एक तर शिष्याच्या यशाला आपली वसुली समजायचे, नाहीतर माझ्यासारखे ते यश होईल तितके लांबवायचे. मुझुमदारांच्या मनात काय चालते ते मला ठाऊक नाही. बाहेरून दिसते ते एवढेच : ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी हा संघ हाती घेतला. पुढच्या वर्षीच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ गटातच गारद झाला. २०२५ च्या स्पर्धेतही साखळीत लागोपाठ तीन सामने हरला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांसमोर जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करत असताना प्रशिक्षकाला करण्यासारखे काहीच नव्हते. त्याला फक्त बसून राहायचे होते. प्रशिक्षक हा कायमचा पुढचा फलंदाज असतो. त्याची पाळी येणार नसते आणि त्याला ते माहीत असते. तेरा वर्षांच्या मुलाला हे माहीत नव्हते, पन्नाशीच्या माणसाला आहे. माझ्या मते फरक आहे तो इथे.

परवा संध्याकाळी कॉलेजातून परतताना मुद्दाम दादरला उतरले आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसले. नेटबाहेर पाच-सहा मुले पॅड बांधून उभी होती, त्यांत दोन मुली. अंधार पडू लागला तसे प्रशिक्षकांनी आतल्या मुलाला बाहेर बोलावले आणि रांगेतल्या शेवटच्या मुलीला पाठवले. तिला जेमतेम सात-आठ चेंडू मिळाले. माझ्या पिशवीत प्रथम वर्षाच्या एका मुलाच्या कविता होत्या, चार दिवसांपासून. घरी येऊन जेवणाआधी त्या वाचल्या. दोन चांगल्या आहेत. सकाळी पहिल्या तासाआधी त्याला ते सांगायचे आहे.